सुटलेल्या झेलाचा हेतू

माझ्या हातून झेल सुटला, यात कोणालाही नवल वाटलं नाही. आमच्या लॉ कॉलेजच्या संघात एकतीस वर्षं मी दुसऱ्या बेसवर उभा राहत आलो आहे. या काळात माझ्याकडे सत्तेचाळीस झेल आले आणि त्यांतले मी तीन घेतले. हा आकडा मी मोजलेला नाही, तो समितीच्या अहवालात परिशिष्ट चारमध्ये आहे. तिथे तळटीप अशी आहे की तिसरा झेल हातांनी नव्हे, स्वेटरने घेतला होता. तळटीप बरोबर आहे. मी तपासून पाहिली.

दर मे महिन्यात, परीक्षा उरकल्या की, आमचे प्राध्यापक आणि जिल्हा न्यायालयातली माणसं यांचा बेसबॉलचा सामना होतो. शेल्बर्न फोर्ज हे गाव लहान, कॉलेज त्याहून लहान. नऊ खेळाडू जमवायचे तर माझ्यासारख्यालाही घ्यावं लागतं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी वाचनालयात एक टेबल आणि मैदानात एक बेस या दोन जागा मला दिलेल्या आहेत. मी मृत्युपत्रांचा कायदा शिकवायचो. मेलेल्या माणसांना काय म्हणायचं होतं हे शोधण्यात माझा जन्म गेला. जिवंत माणसांसमोर उभं राहून बोलायचं म्हटलं की मात्र मला अजून घाम फुटतो.

आमचे अंपायर कॅझिमिर डोम्बेक. वय अठ्ठ्याहत्तर. कॉलेजचा बॉयलर आणि वाफेचे नळ त्यांनी चाळीस वर्षं सांभाळले, आणि गेली सव्वीस वर्षं आमचा सामना. त्याबद्दल ते काही घेत नाहीत, सामन्यानंतरच्या जेवणालाही थांबत नाहीत. मार्च लागला की ते वाचनालयात माझ्या टेबलापाशी येतात आणि विचारतात, "प्रोफेसर, तारीख ठरली का?" मी सांगितलेली तारीख ते टोपीच्या आतल्या पट्टीवर पेन्सिलीने लिहितात. त्या टोपीत आता सव्वीस तारखा आहेत.

गेल्या वर्षीच्या सामन्यात काय झालं ते आधी सांगतो. सातवा, म्हणजे शेवटचा डाव. आम्ही अकरा-दहा असे एका धावेने पुढे. न्यायालयाचा एक जण बाद झालेला, त्यांचे दोन धावपटू पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर, आणि फलंदाजीला स्वतः न्यायाधीश थर्लो हॅस्केट. त्यांनी चेंडू मारला तो सरळ आभाळात. इतका उंच, की एवढ्या वेळात कोणीतरी धावत येऊन माझी जागा घेईल असं मला वाटलं. कोणी आलं नाही.

अशा प्रसंगासाठी एक नियम आहे. तो नसेल तर एखादा लबाड खेळाडू हातात आलेला सोपा झेल मुद्दाम खाली सोडेल. झेल घेतला जाणार या समजुतीने धावपटू आपापल्या बेसवर थांबलेले असतात. चेंडू जमिनीवर पडला की त्यांना पुढे पळणं भाग पडतं, आणि तो लबाड एकाऐवजी दोघांना बाद करून मोकळा होतो. ही चलाखी चालू नये म्हणून नियम म्हणतो की, बेस असे भरलेले असताना आतल्या मैदानातल्या खेळाडूला नेहमीच्या प्रयत्नात घेता येईल असा झेल उडाला, की अंपायरने लगेच हात वर करायचा. फलंदाज तिथेच बाद. पुढे झेल घेतला काय आणि सुटला काय, सारखंच.

डोम्बेकनी हात वर केला आणि ते ओरडले, "फलंदाज आउट!" मग चेंडू माझ्या हातमोज्याच्या कडेला लागला आणि गवतात पडला. दुसऱ्या बेसवरचा न्यायालयाचा कारकून रॉस्को टिबेट्स याला ओरडणं ऐकू आलं नाही, चेंडू पडलेला तेवढा दिसला. तो तिसऱ्या बेसकडे पळत सुटला. आमच्या लेलंड प्रिविटने चेंडू उचलून फेकला आणि तिसऱ्या बेसवरच्या ऑटिली क्रांट्झने तो टिबेट्सच्या खांद्याला टेकवला. तीन बाद, सामना संपला, आम्ही जिंकलो. मी अजून वरच बघत होतो.

सोमवारी न्यायालयाकडून तीन पानी तक्रार आली. तिचा गाभा एका वाक्यात होता: "प्रोफेसर पर्सेल यांना एखादा झेल नेहमीच्या प्रयत्नात घेता येतो हे गृहीतक या न्यायालयाच्या एकतीस वर्षांच्या अनुभवाशी विसंगत आहे." म्हणजे झेल सोपा नव्हता, म्हणून नियम लागू नव्हता, म्हणून जजसाहेब बाद नव्हते आणि सामना संपलेला नव्हता. मी ते वाक्य दोनदा वाचलं. त्यात खोडून काढण्यासारखं मला काही सापडलं नाही.

पण सामन्याच्या सनदेत एक कलम आहे. शेवटच्या डावात अंपायरने नियम चुकीचा लावला असं कॉलेजच्या समितीने ठरवलं, तर त्या अंपायरला पुन्हा बोलवायचं नाही. चेंडू सुटला माझ्या हातून, आणि जाणार होते डोम्बेक.

समिती तिघांची नेमली गेली: डीन मार्गरीट साईझमोर, ऑटिली क्रांट्झ आणि लेलंड प्रिविट. तिघंही आमच्याच संघातले. म्हणून प्रत्येकाने आपण निःपक्षपाती असल्याचं लेखी निवेदन दिलं. ऑटिलीचं निवेदन बारा पानांचं होतं आणि त्यात तिने स्वतःवरच दोन ठिकाणी संशय घेतला होता. टिपणं घेण्याचं काम माझ्याकडे आलं. निवृत्त माणसाकडे अशी कामं आपोआप येतात, आणि सचिवाने मध्ये बोलायचं नसतं ही त्यातली मला आवडणारी गोष्ट.

पहिली बैठक सप्टेंबरात झाली.

"नियमात 'खेळाडू' असा शब्द आहे," लेलंड म्हणाला. तो शब्दांच्या पलीकडे कधी जात नाही. "ऑल्डन पर्सेल खेळाडू आहे. चेंडू त्याच्या डोक्यावर होता. अंपायर बरोबर. चला, मला चार वाजता वर्ग आहे."

"बस खाली," ऑटिली म्हणाली. "नियम कशासाठी आहे ते बघशील की नाही? हेतू बघ, लेलंड, हेतू!"

"हेतू मैदानात दिसत नाही."

"तुला चष्म्याशिवाय बेससुद्धा दिसत नाही. ऐक. नियम आहे लबाडी थांबवायला. आता लबाडीने झेल सोडायचा, तर आधी तो घेता यायला हवा. ज्याला घेताच येत नाही तो मुद्दाम सोडणार कसा? ऑल्डन कोणाला फसवूच शकत नाही. त्या बिचाऱ्याच्या अंगात ते नाही. मग ज्याच्यापासून धोकाच नाही, त्याच्यासाठी हात वर केला कशाला?"

"म्हणजे प्रत्येक खेळाडूची आधी परीक्षा घ्यायची, आणि मग नियम लावायचा?"

"घ्यायची! का नाही?"

मी इथेच बसलोय, असं मी म्हणालो. निदान म्हणायचं ठरवलं होतं. टिपणात तशी नोंद नाही.

आमच्या धंद्याची एक खोड इथे सांगायला हवी, नाहीतर पुढचे नऊ महिने कोणाला पटणार नाहीत. आम्ही कायद्याचे प्राध्यापक साक्षीदार म्हणून कधी पाहत नाही. आमच्यापर्यंत येतात ती वरच्या न्यायालयांची निकालपत्रं. काय घडलं ते त्यात पहिल्या दोन परिच्छेदांत कोणीतरी आधीच लिहून ठेवलेलं असतं, आणि आम्ही तिसऱ्या परिच्छेदापासून वाचायला लागतो. त्यामुळे त्या खोलीत चेंडूखाली उभा असलेला माणूस पेन घेऊन बसला आहे, आणि हात वर करणारा माणूस खाली तळघरात अजूनही अधूनमधून बॉयलरकडे नजर टाकून जातो, त्यांना विचारून बघावं, हे तिघांपैकी कोणाच्याही डोक्यात आलं नाही. मलाही सुचलं नाही, असं म्हणून सुटता येईल. पण मला सुचलं होतं. धीर झाला नाही.

मग हेतूचा शोध सुरू झाला. सामन्याची सनद १९५८ ची. तिच्या मूळ सभेचं इतिवृत्त मी तळघरातल्या खोक्यातून काढून दिलं. त्यात एवढंच होतं: "नियम एक ते साठ मान्य. मग जेवण." या 'मग जेवण'वर तीन बैठका झाल्या. ऑटिलीचं म्हणणं, भुकेल्या माणसांनी घाईत मान्य केलेल्या नियमाला मूळचाच हेतू चिकटलेला राहतो, कारण बदलायला त्यांना वेळच नव्हता. लेलंडचं म्हणणं, भुकेल्या माणसाचा हेतू एकच असतो आणि त्याचा बेसबॉलशी संबंध नाही. त्याने कुठून तरी त्या दिवशीच्या जेवणाची यादी पैदा केली. हॅमचे सँडविच आणि बटाट्याचं सॅलड.

"बटाट्याच्या सॅलडवर मतदान होणार नाही," डीन म्हणाल्या.

"मी फक्त पुरावा म्हणून ठेवतोय."

"लेलंड, तो कागद खिशात घाल."

नोव्हेंबरात 'नेहमीचा प्रयत्न' कोणाचा धरायचा यावर गाडी आली. सरासरी खेळाडूचा, असं ठरलं. पण सरासरी कोणाची? आमच्या सामन्यात खेळतात एकूण अठरा जण. मला धरून सरासरी काढली तर तो झेल अवघड ठरत होता, मला वगळून काढली तर सोपा. शेजारच्या विद्यापीठातून एका गृहस्थांना बोलावलं. ज्याच्याबद्दल वाद आहे त्याला सरासरीत धरावं का, यावर ते दोन तास बोलले आणि शेवटी म्हणाले की प्रश्न फार सुंदर आहे. चहाच्या वेळी त्यांनी माझ्याशी हस्तांदोलन केलं आणि माझा हात नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ धरून ठेवला, तपासल्यासारखा.

जानेवारीत लेलंडने सुचवलं की व्यायामशाळेत नेऊन मला वीस चेंडू उंच टाकून बघावेत.

"जानेवारीतला ऑल्डन म्हणजे मे महिन्यातला ऑल्डन नव्हे," ऑटिली म्हणाली. "तेव्हा ऊन होतं. तेव्हा तो एक वर्षाने तरुण होता."

"मग काय, मेपर्यंत थांबायचं आणि त्याचं वय कमी करायचं?"

"तुम्हा दोघांचं झालं का?" डीन म्हणाल्या. त्या दिवशी त्या जेवल्या नव्हत्या. त्यांनी पिशवीतून संत्रं काढलं, "अहो पर्सेल!" म्हणून हाक मारली आणि ते टेबलावरून माझ्याकडे फेकलं.

मी ते झेललं.

तिघं आधी संत्र्याकडे आणि मग एकमेकांकडे बघू लागले. मलाही काय करावं कळेना. मी संत्रं धरून उभा राहिलो. मग लेलंड ओरडला, "झालं! सिद्ध झालं!" आणि ऑटिली त्याच्यावर ओरडली, "संत्र्याला शिवण नसते!" पुढचा दीड तास संत्रं हे चेंडू मानावं का यावर गेला. दोन विरुद्ध एक मतांनी मानू नये असं ठरलं. संत्रं पुरावा म्हणून लिफाफ्यात घालून ठेवायला सांगितलं. मी ते ठेवलं, आणि दुसऱ्या आठवड्यात लिफाफा बदलावा लागला.

फेब्रुवारीत एका दुपारी डोम्बेक वाचनालयात आले. अजून मार्च लागला नव्हता, तेव्हाच मला समजलं की ते तारीख विचारायला आलेले नाहीत. त्यांनी थर्मास टेबलावर ठेवला, खुर्ची ओढली आणि बसले.

"काय म्हणतायत, प्रोफेसर?"

"हेतूवर अडलंय."

"कोणाच्या?"

"नियमाच्या."

त्यांनी थर्मासचं झाकण फिरवून काढलं. "नियमाला हेतू असतो?"

"त्यावरही मतभेद आहेत."

"खाली बॉयलरला एक व्हॉल्व्ह आहे. वाफ जास्त झाली की उघडतो. चाळीस वर्षांत मी त्याला कधी हेतू विचारला नाही." त्यांनी झाकणात कॉफी ओतली, माझ्याकडे सरकवली आणि स्वतः थर्मासमधूनच प्यायले. "खरं सांगा मला. मी जातो का?"

मला खोटं बोलता आलं असतं. "लेलंड तुमच्या बाजूने आहे," मी म्हणालो. "ऑटिली विरुद्ध. डीनना वाटतं, आपल्याच संघाच्या बाजूने निकाल दिला तर लोक हसतील. त्यामुळे बहुतेक..."

"हं."

"मला वाईट वाटतं, डोम्बेक."

"तुम्हाला कशाला? तुम्ही नेहमी सोडता तसाच सोडलात." यात टोमणा नव्हता, ते फक्त सांगत होते. "माझी मुलगी म्हणते, आता फ्लोरिडाला या. तिथे म्हातारी माणसं गळ्याएवढ्या पाण्यात उभी राहून हात हलवतात. मी म्हटलं, येतो. वर्षाचे सगळे दिवस तुझे. फक्त मे महिन्यातला एक शनिवार मला इथे उभं राहायचंय. तेवढा दिवस चार माणसं मला विचारतात, काय झालं, आत की बाहेर, आणि मी सांगतो. घरी मला कोण काय विचारतं?"

ते गेल्यावर मी बराच वेळ काही वाचलं नाही. त्या झेलाच्या वेळी माझ्या मनात नेमकं काय होतं, ते आठवून पाहू लागलो. आठवलं ते असं, की चेंडू वर असताना मी एका जुन्या मृत्युपत्राचा विचार करत होतो, ज्यात एका बाईने आपलं गलबत दोन वेगवेगळ्या पुतण्यांना दिलं होतं. मी प्रयत्न तरी केला होता का? माणसाने झेल घेण्याचा प्रयत्न केला की नाही, हे त्या माणसाला कळायला हवं. मला कळत नव्हतं.

शेवटची बैठक मे महिन्यात, सामन्याच्या आठवड्यातल्या मंगळवारी झाली. तक्रारदार म्हणून जजसाहेब आले होते, टेबलाच्या टोकाला. दाराजवळच्या खुर्चीत डोम्बेक, टोपी गुडघ्यावर. अहवाल दोनशे चौदा पानांचा झाला होता आणि त्यातला निकालाचा परिच्छेद तेवढा कोरा होता.

लेलंडने आपलं मत दिलं: अंपायर बरोबर. ऑटिलीने दिलं: चूक, कारण नियमाचा हेतू तिथे लागूच नव्हता. फसवणूक करायला असमर्थ असलेल्या माणसापासून धावपटूंना संरक्षण देणं हे व्यर्थ. डीननी चष्मा काढला.

"मला मनापासून वाईट वाटतं," त्या म्हणाल्या, "पण प्रोफेसर क्रांट्झ यांचा युक्तिवाद..."

"मी तो मुद्दाम सोडला," मी म्हणालो.

मी उभा होतो. कधी उठलो ते मला माहीत नाही. पेन अजून हातात होतं.

"काय म्हणालात?" डीन म्हणाल्या.

"तो झेल. मी मुद्दाम सोडला. दोघांना बाद करायला. मी... मी फार लबाड आहे. आधीपासून. कोणाला सांगितलं नव्हतं."

ऑटिली खुर्चीवरून अर्धी उठली. तिचा चेहरा उजळला होता. "ऑल्डन! अरे, मग हे सगळं बदलतं! म्हणजे धोका खरा होता! नियम ज्या गोष्टीसाठी केला, नेमकी तीच गोष्ट तू करत होतास, आणि अंपायरने तुला तिथल्या तिथे अडवलं! हेतू शंभर टक्के साधला. मी मत बदलते. अंपायर बरोबर!"

"आणि मीही बदलतो," लेलंड थंडपणे म्हणाला. "अंपायर चूक."

"लेलंड! नऊ महिने तू..."

"नऊ महिने मी सांगतोय की खेळाडूच्या मनात काय होतं याला किंमत नाही. आज त्याच्या मनातलं ऐकून निकाल लागत असेल, तर त्या निकालाला माझी सही मिळणार नाही. बरोबर निकाल चुकीच्या कारणासाठी देण्यापेक्षा मी चुकीचा देईन."

"तू वेडा आहेस."

"मी सुसंगत आहे."

"एक मिनिट," दारातून आवाज आला. डोम्बेक उभे राहिले होते. "प्रोफेसर खोटं बोलतायत."

मी त्यांच्याकडे बघून मान हलवली, गप्प बसा म्हणून. त्यांनी माझ्याकडे लक्ष दिलं नाही.

"मी वीस फुटांवर नव्हतो खरा, पण डोळे चांगले आहेत माझे. या माणसाने काही मुद्दाम सोडलं नाही. हात वर केल्यावर मी खाली बघितलं, हे घाबरले होते. तोंड उघडं होतं. असल्या गोष्टीवर मला नको तुमचा निकाल."

"पण डोम्बेक," डीन म्हणाल्या, "यांचं म्हणणं धरलं तर तुम्ही राहता. तुमचं धरलं तर जाता. कळतंय ना?"

"कळतंय."

"बघा, बघा!" ऑटिली म्हणाली. ती आता टिपणं काढत होती. "स्वतःच्या विरुद्ध जाणारं निवेदन! त्याच्यासारखा विश्वासार्ह पुरावा नाही. पण ऑल्डनचंही स्वतःच्या विरुद्धच आहे. दोन्ही सारखीच विश्वासार्ह, आणि एकमेकांच्या उलट. हे कुठल्याच पुस्तकात नाही!"

"असेल," लेलंड म्हणाला. "मी शोधतो."

तेवढ्यात जजसाहेबांनी टेबलावर हात आपटला. त्यांच्याकडे लाकडी हातोडा नव्हता, पण सवय होती.

"ऑल्डन," ते मला म्हणाले, "खाली बस. बावीस वर्षं मी खोटारड्या माणसांसमोर बसतोय. चोरीच्या ट्रॅक्टरवर बसून न्यायालयात आलेला माणूसही तुझ्यापेक्षा बरं खोटं बोलला होता. बस." मी बसलो. मग ते दाराकडे वळले. "डोम्बेक, तुम्ही सांगा. काय दिसलं तुम्हाला त्या वेळी?"

तिघं प्राध्यापक जजसाहेबांकडे बघत राहिले. असा प्रश्न त्या खोलीत कोणी विचारल्याचं मला तरी आठवत नाही.

"चेंडू," डोम्बेक म्हणाले.

"आणि?"

"चेंडूच. तुम्ही मारलात, जजसाहेब, तुमच्या नेहमीच्या पद्धतीने, डोळे मिटून. उंच गेला. वारा नव्हता. दुसऱ्या बेसपासून दोन पावलांवर सरळ खाली यायला लागला. तिथे जो उभा असेल त्याने घ्यावा असा. मी हात वर केला."

"खाली कोण उभं आहे ते पाहिलं नाही?"

"नाही. पाहिलं असतं तर हात वर झाला नसता."

लेलंड हसला. ऑटिली हसली. मीही हसलो असावा.

"उभ्या माणसाकडे बघून नियम लावायचा म्हटलं, तर अठरा जणांचे अठरा नियम पाठ करावे लागतील," डोम्बेक म्हणाले. "आणि मग लोक मला विचारणार, माझा कोणता? त्यापेक्षा मी वर बघतो."

जजसाहेबांनी खुर्ची मागे सरकवली. "मला एवढंच हवं होतं. तक्रार मागे घेतो."

"थर्लो, तुम्हाला एवढंच हवं होतं तर आधी का नाही विचारलंत यांना?" डीन म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला होता.

"मला वाटलं तुम्ही विचाराल! तपास तुमच्याकडे होता. वर्षभर केलंत काय?"

 दोनशे चौदा पानं टेबलावर होतीच. मी ते वाक्य लिहून घेतलं, "तक्रारदाराने तक्रार मागे घेतली," आणि त्याखाली रेघ मारणार, तेवढ्यात लेलंड आणि ऑटिली एकदम म्हणाले, "मागे घेता येणार नाही."

नऊ महिन्यांत ती दोघं पहिल्यांदा एका मताची झाली होती. त्यांनाही ते जाणवलं आणि जरा अवघडल्यासारखं झालं.

"का नाही येणार?" जजसाहेब म्हणाले. "माझी आहे ती."

"होती," ऑटिली म्हणाली. "जजसाहेब, गैरसमज करून घेऊ नका, पण तुम्ही यात आता फारसे महत्त्वाचे राहिला नाहीत. हा प्रश्न नियमाचा आहे."

"आणि आत्ता याने," लेलंडने पेन्सिलीने दाराकडे बोट दाखवलं, "आत्ता याने 'वर बघतो' म्हणून एक पूर्ण नवी भूमिका मांडली. ती ना शब्दांची आहे, ना हेतूची. तिच्यासाठी स्वतंत्र प्रकरण लागेल."

"माझ्या मते ती हेतूचीच आहे."

"तुझ्या मते बटाट्याचं सॅलडही हेतूचंच होतं."

डीननी दोन्ही हातांनी कपाळ धरलं. बैठक सप्टेंबरपर्यंत तहकूब झाली. निदान मी तसं लिहिलं, कारण वाद थांबला नव्हता आणि कोणी तहकूब म्हणालंही नव्हतं. डोम्बेक अजून उभेच होते. त्यांनी दोनदा घसा खाकरला.

"मग शनिवारी मी येऊ की नको?"

ऑटिली आणि लेलंड यांना ऐकू गेलं नाही. ती दोघं आता एकाच पुस्तकावर वाकली होती.

"या," जजसाहेब म्हणाले. "दहाला सुरू करू. आणि मी डोळे मिटत नाही."

"मिटता," डोम्बेक म्हणाले आणि गेले.

इतिवृत्त पूर्ण करताना माझी मात्र पंचाईत झाली. समितीत आता दोन पक्ष होते: मी लबाड आहे असं मानणारा, आणि मी खोटारडा आहे असं मानणारा. शेवटी मी लिहिलं: "सचिवांनी एक निवेदन केले. ते खरे की खोटे याविषयी सचिवांना खात्री नाही." डीननी ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि सही केली.

शनिवारी ऊन चांगलं होतं. मी माझ्या बेसकडे जात असताना डोम्बेकनी मला अडवलं. हातातल्या छोट्या ब्रशने ते फलंदाज उभा राहतो तो होम बेस झाडत होते, वर न बघता बोलले.

"प्रोफेसर, त्या दिवशी तुम्ही उभे राहिलात."

"हो. माफ करा. मला वाटलं..."

"माफी नको. पण पुन्हा माझ्यासाठी खोटं बोलू नका. तुम्हाला जमत नाही, आणि बघणाऱ्याला लाज वाटते." त्यांनी ब्रश खिशात घातला. "चेंडू आला तर घ्या, म्हणजे झालं."

मी माझ्या जागेवर गेलो. सात डाव मी गुडघे वाकवून, हातमोजा पुढे धरून उभा होतो, इतका सावध मी आयुष्यात कधी राहिलेलो नाही. गलबत नाही, पुतणे नाहीत, फक्त चेंडू. जजसाहेबांनी दोनदा डावीकडे मारला, एकदा कुंपणाबाहेर. टिबेट्स पहिल्या बेसवर बाद झाला आणि डोम्बेकशी भांडला, डोम्बेक शांतपणे नाही म्हणाले, तो परत गेला. ऑटिली आणि लेलंड आपली पाळी आली की खेळत होते आणि मधल्या वेळात वहीत लिहीत होते. आम्ही चौदा-सहा असे हरलो.

माझ्याकडे एकही चेंडू आला नाही. घरी जाताना मी सुटकेचा श्वास टाकला. मग बराच वेळ वाटत राहिलं, की एक तरी यायला हवा होता.